कोळंबीच्या तलावात अँटिबायोटिकऐवजी वनस्पती : काय चालते, कुठे चालते?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. पालघर जिल्ह्यात खाडीलगत आमचे चार तलाव आहेत आणि गेली नऊ वर्षे आम्ही व्हनामी या जातीच्या कोळंबीचे पीक घेत आहोत. गेल्या हंगामात काढणीपूर्वी नमुना तपासणीला दिला, तेव्हा त्यात ए-ओ-झेड, म्हणजे फ्युराझोलिडोन हे बंदी असलेले अँटिबायोटिक शरीरात गेल्यावर मागे राहणारा अंश, सापडला. निर्यातदाराने माल घेण्यास नकार दिला आणि आम्हाला तो स्थानिक बाजारात पडेल त्या भावाने द्यावा लागला.

मी या तलावांत एकही अँटिबायोटिक घातलेले नाही. नवी म्हणून वापरली ती एकच वस्तू, आतड्यांच्या आरोग्यासाठी म्हणून विकली जाणारी एक 'हर्बल' भुकटी. पिशवीवर कडुनिंब, हळद आणि लसूण यांची चित्रे होती, घटकांचे प्रमाण मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. अँटिबायोटिक टाळायचे म्हणूनच मी ती घेतली होती, याचे मला अजूनही वाईट वाटते.

माझे दोन प्रश्न आहेत. व्हिब्रिओ जिवाणू आटोक्यात ठेवू शकेल असे वनस्पतींमध्ये खरोखर काही आहे का? आणि असेल, तर ते खाद्यातून द्यावे, पाण्यात सोडावे, की आणखी कुठे वापरावे?

पेट्रीडिश

खाडीकाठ, आपले नुकसान वाचून मनापासून खेद झाला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि कोळंबीतल्या व्हिब्रिओवर काही वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

व्हिब्रिओ हा बाहेरून आलेला शत्रू नव्हे. खाडीच्या पाण्यात, गाळात, कोळंबीच्या कवचावर आणि आतड्यात तो नेहमीच असतो. कायटिन, म्हणजे ज्या द्रव्याचे कोळंबीचे कवच बनते, ते त्याचे आवडते अन्न आहे, त्यामुळे कोळंबीने टाकलेली कात तळाशी साचली की त्याची मेजवानीच होते. व्हिब्रिओ हार्वेयी हा अंधारात चमकणारा जिवाणू बीजकेंद्रातल्या पिल्लांचा जुना वैरी आहे. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या काही वाणांमध्ये विष तयार करणारी जनुके एका प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असतात आणि तेच वाण पिल्ले सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तलाव रिकामा करणाऱ्या रोगाला कारणीभूत असतात. हा रोग २००९ च्या सुमारास चीनमध्ये दिसला, पुढे व्हिएतनाम, मलेशिया आणि थायलंडमध्ये पसरला, आणि त्याचे कारण २०१३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने शोधून काढले.

आता वनस्पतींकडे वळू. ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल, दालचिनीतला सिनामाल्डिहाइड, लवंगेतला युजेनॉल, लसणीतला अ‍ॅलिसिन, पेरूच्या पानांतली टॅनिन आणि क्वेरसेटिन ही द्रव्ये प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत व्हिब्रिओला रोखतात, याबद्दल शंका नाही. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या बाह्य पटलात शिरून ते गळके करतात. अ‍ॅलिसिन जिवाणूच्या विकरांमधल्या गंधकयुक्त गटांना चिकटून ती निकामी करते. टॅनिन प्रथिनांना बांधून टाकते. अडचण सुरू होते ती बशीतून तलावात जाताना.

हिशेब करून पाहा. एक हेक्टर तलाव आणि दीड मीटर पाणी म्हणजे दीड कोटी लिटर. एखादा अर्क लिटरमागे १०० मिलिग्रॅमला जिवाणू रोखतो असे बशीत दिसले, आणि ही कामगिरी वनस्पतीच्या कच्च्या अर्कासाठी उत्तमच मानावी लागेल, तर तेवढ्या पाण्यासाठी तो अर्क १,५०० किलो लागेल. पाने नव्हेत, अर्क. म्हणून 'पाण्यात सोडा, व्हिब्रिओ मरेल' असे कोणी सांगितले, तर त्याला आधी हा गुणाकार करायला सांगावे. वाढीच्या तलावात वनस्पतींना वाट आहे ती खाद्यातून, म्हणजे आतड्यातून.

बीजकेंद्र

पेट्रीडिश ताईंच्या हिशेबाला मी दुसरी बाजू जोडतो. मी मूळचा मालवणचा, गेली बारा वर्षे आंध्र किनाऱ्यावर कोळंबीच्या बीजकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आपल्याकडचे बहुतेक बीज इकडूनच येते, म्हणून हा विषय कोकणातल्या शेतकऱ्यांच्याही जवळचा आहे.

आमची टाकी दहा हजार लिटरची धरली, तर तोच १०० मिलिग्रॅमचा दर फक्त एक किलोवर येतो. म्हणजे जो उपाय तलावात अशक्य, तो बीजकेंद्रात निदान विचार करण्याजोगा ठरतो. शिवाय आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायचा तो बारीक जीव, व्हिब्रिओचा मोठा वाहक असतो. तो पिल्लांना देण्यापूर्वी वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात धुता येतो आणि उपचार करता येतो. थायलंडमध्ये १९९० च्या दशकात पेरूच्या पानांच्या अर्कावर चमकणाऱ्या व्हिब्रिओच्या संदर्भात काम झाले होते आणि ते आमच्या क्षेत्रात आजही सांगितले जाते.

मात्र पिल्ले फार नाजूक असतात. लवंगेचे तेल मासे गुंगवण्यासाठी वापरतात हे लक्षात घेतले, तर 'नैसर्गिक आहे, चार थेंब जास्त पडले तरी चालेल' ही वृत्ती किती घातक आहे ते समजेल. पंधरा लाख पिल्लांची टाकी एका रात्रीत मरून जाताना मी पाहिली आहे, आणि त्या टाकीत पडलेले औषध पूर्णपणे वनस्पतिजन्य होते.

जुनाबांध

मी १९९३ पासून या धंद्यात आहे. तेव्हा टायगर कोळंबी होती. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पूर्व किनारा झोपला आणि मग आमच्याकडेही तो आला. तो विषाणू होता, तरीही लोकांनी भीतीपोटी पोतीच्या पोती अँटिबायोटिके तलावात ओतली, कारण दुसरे काय करायचे हे सांगणारा कोणी जवळ नव्हता.

वनस्पती आम्हाला नवीन नाहीत. तलाव तयार करताना नको असलेले मासे मारण्यासाठी आम्ही मोहाची पेंड टाकायचो, दोनशे ते अडीचशे पीपीएम, म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम. तिच्यातले सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर काम करते, कोळंबीला ते बरेच सोसते, आणि काही दिवसांनी पेंड कुजून तिचे खत होते. चहाच्या बियांची पेंडही त्याच जातीची. हा वनस्पतीचा खरा, मोजून केलेला, पिढीभर पारखलेला वापर आहे. 'हर्बल' हा शब्द पिशवीवर नंतर आला.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. कडुनिंबाबद्दल कोणीच बोलले नाही. आमच्या भागात कडुनिंबाचा पाला गोणीत बांधून तलावात टांगून ठेवतात. तसे करावे का?

पेट्रीडिश

माझे स्पष्ट मत आहे की करू नये. कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन कीटकांवर चालते ते मुख्यतः त्यांची कात टाकण्याची संप्रेरक-व्यवस्था बिघडवून. कोळंबी कीटक नसली, तरी तीही संधिपाद आहे, आणि तिची कात टाकणेही त्याच जातीच्या संप्रेरकावर चालते. शेतात जे मावा-तुडतुड्यांवर गुणकारी, ते कोळंबीच्या तलावात निरुपद्रवी असेलच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. माणसाच्या औषधात किंवा शेतात एखादी वनस्पती चांगली ठरली, एवढ्यावरून ती कोळंबीलाही चांगली, असे मानण्याची सवय आपण सोडायला हवी.

हळदीबद्दलही तेच. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतो. आपल्या तलावाचा सामू आठच्या आसपास असतो. तेव्हा हळद पाण्यात टाकणे म्हणजे पाणी पिवळे करणे. खाद्यातून तेलात मिसळून दिल्यास निदान ती कोळंबीच्या पोटापर्यंत जाते.

चेकट्रे

रायगडहून लिहीत आहे. मी तीन हंगाम लसूण वापरली आहे, म्हणून रीत सांगतो. कोणी ती आंधळेपणाने उचलू नये.

एक किलो खाद्याला दहा ग्रॅम सोललेली लसूण घ्यावी. ती ठेचून दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवावी, कारण अ‍ॅलिसिन पाकळीत आयते नसते. पाकळी चिरडल्यावर तिच्यातले दोन घटक एकत्र येतात आणि मग ते तयार होते. आधी उकळली तर ते घडवून आणणारे विकरच मरते, आणि आपण नुसती भाजी शिजवतो. ठेचा थोड्या पाण्यात कालवून गाळावा, खाद्यावर शिंपडावा, सावलीत अर्धा तास वाळू द्यावा आणि वरून माशाच्या तेलाचा किंवा बाजारात मिळणाऱ्या बाइंडरचा, म्हणजे खाद्याला चिकटणाऱ्या द्रव्याचा, हलका थर द्यावा. शेवटची पायरी चुकवली तर सगळे व्यर्थ, कारण कोळंबी मासळीसारखी घास गिळत नाही. ती दाणा हातात धरून कुरतडत बसते, आणि तेवढ्या वेळात वरचे सगळे पाण्यात धुऊन जाते. कारखान्यातच खाद्यात मिसळलेला लसणीचा अर्क मला फारसा विश्वासार्ह वाटत नाही, कारण दाणे पाडताना वाफेची उष्णता लागते.

गेल्या हंगामात दोन तलावांत लसूण दिली आणि एका तलावात दिली नाही. लसणीच्या तलावांत चेक ट्रेमधले, म्हणजे कोळंबी किती खाते ते पाहायला पाण्यात ठेवतो त्या ताटलीतले, खाद्य लवकर संपायचे आणि आजाराची खूण असलेले पांढऱ्या विष्ठेचे दोरे दिसले नाहीत. तिसऱ्या तलावात ते दिसले.

पेट्रीडिश

चेकट्रे दादा, आपली रीत शास्त्राला धरून आहे आणि कारणांसह लिहिल्याबद्दल धन्यवाद. निष्कर्षाबाबत मात्र मला थांबवावे लागते. तीन तलावांतला फरक लसणीचाच आहे असे म्हणता येत नाही. तिसरा तलाव खाडीच्या कोणत्या बाजूला आहे, त्यात बीज त्याच तुकडीचे होते का, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर तेवढेच होते का, यातले काहीही फरक घडवू शकते. शिवाय पांढऱ्या विष्ठेमागे अनेकदा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी असतो. तो बुरशीच्या नात्यातला आहे, जिवाणू नव्हे. त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही आणि लसणीने तो बरा होतो असे म्हणण्याइतका पुरावा मी पाहिलेला नाही. तो हेपॅटोपॅन्क्रियास, म्हणजे कोळंबीची पचनाची मुख्य ग्रंथी, दुबळा करतो आणि मग व्हिब्रिओ आत शिरतो. तेव्हा बीजाची ईएचपीसाठी पीसीआर, म्हणजे रोगकारकाचा डीएनए शोधणारी, चाचणी न करता केवळ लसणीवर विसंबणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकीला कडी लावणे.

निर्यातकक्ष

मी कोळंबी प्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम करते. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नातली एक गोष्ट अजून कोणी उचललेली नाही.

क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आणि नायट्रोफ्युरान हा गट, ज्यात फ्युराझोलिडोन येते, या दोन्हींवर बंदी आहे, पण त्यांचा उगम सारखा नाही. क्लोरॅम्फेनिकॉल मुळात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळाले. नेदरलँड्समधल्या संशोधकांना २०१० मध्ये काही औषधी वनस्पतींत आणि गवतात त्याचे अंश सापडले आणि ते मातीतून नैसर्गिकरीत्या आले असावेत असा पुरावा त्यांनी मांडला. म्हणजे एखाद्या प्रामाणिक वनस्पती-भुकटीतही त्याचा अत्यल्प अंश असण्याची शक्यता राहते. युरोपीय संघाची मर्यादा पूर्वी किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम होती आणि २०२२ च्या अखेरीपासून ती ०.१५ झाली आहे. ०.१५ मायक्रोग्रॅम म्हणजे हजार टन कोळंबीत ०.१५ ग्रॅम, एका चिमटीपेक्षाही कमी. त्यामुळे 'वनस्पतिजन्य, म्हणून निर्धास्त' हे इथेही खरे नाही.

फ्युराझोलिडोन मात्र पूर्णपणे कारखान्यात बनणारे रसायन आहे. कोणतीही वनस्पती किंवा मातीतला कोणताही जिवाणू ते बनवत नाही. नायट्रोफ्युरानांच्या अंशांपैकी सेमिकार्बाझाइड तेवढे कवचधारी प्राण्यांच्या कवचात स्वाभाविकपणेही आढळते आणि त्यावरून वाद होतात, पण ए-ओ-झेडबाबत तशी पळवाट नाही. तेव्हा आपल्या कोळंबीत ए-ओ-झेड आले ते कोणीतरी घातले म्हणून आले. भुकटीत घातले, खाद्यात घातले, की वरच्या तलावाच्या पाण्यातून आले, हे शोधता येते. भुकटी शिल्लक असेल तर ती फेकू नका.

यात आणखी एक दुखरी बाब आहे. हर्बल भुकटी चटकन गुण देते असे शेतकऱ्याला दिसते, तेव्हा तो गुण अनेकदा लपवलेल्या अँटिबायोटिकचा असू शकतो. म्हणजे ज्या उत्पादनाची सर्वांत जास्त वाहवा होते, त्याच्याकडेच सर्वांत आधी संशयाने पाहायला हवे.

रानपाला

मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो. वनस्पतीत एकच द्रव्य नसते, अनेक द्रव्ये एकत्र असतात, म्हणून जिवाणूला प्रतिकारशक्ती येत नाही. अँटिबायोटिकपेक्षा हा मोठा फायदा नव्हे का? आणि गूळ-कोंड्याचे आंबवण तलावात घातले की टीसीबीएसच्या, म्हणजे व्हिब्रिओ वाढवून मोजण्याच्या माध्यमाच्या, बशीवर जिवाणूंच्या हिरव्या वसाहती जाऊन पिवळ्या येतात, हे मी स्वतः पाहिले आहे. मग वनस्पतींची ताकद का मानू नये?

पेट्रीडिश

रानपाला, आपल्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते अर्धे महत्त्वाचे आहे. अनेक द्रव्यांच्या मिश्रणाविरुद्ध प्रतिकार निर्माण होणे अवघड असते. पण 'येतच नाही' असे नाही. जिवाणूंकडे नको ते द्रव्य बाहेर फेकणारे पंप असतात, आणि ते पंप वनस्पतीचे द्रव्य आणि अँटिबायोटिक यांत भेद करतीलच असे नाही. कमी मात्रा सतत देत राहणे, हंगामभर रोज चिमूटभर घालणे, ही प्रतिकाराला आमंत्रण देण्याची रीत आहे, मग वस्तू कोणतीही असो.

वसाहतींच्या रंगाबद्दल मात्र मला ठामपणे सांगावे लागेल. त्या बशीत साखर असते. जो जिवाणू ती साखर आंबवतो तो पिवळा दिसतो, जो आंबवत नाही तो हिरवा. रंग साखर सांगतो, विष सांगत नाही. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस पिवळा असतो आणि तोही रोग करतो. हार्वेयीचे काही वाण पिवळे, काही हिरवे. गूळ घातल्यावर साखर खाणारे वाढले, एवढेच त्या बशीने आपल्याला सांगितले.

तरीही गूळ-कोंड्याचे आंबवण मला मोलाचे वाटते, ते वेगळ्या कारणासाठी. ब्लीचिंग पावडरने पाणी निर्जंतुक केले की सगळेच जिवाणू मरतात, आणि रिकाम्या जागेत सर्वांत वेगाने वाढणारा आधी घुसतो. व्हिब्रिओ तसाच आहे. आंबवणाने पुरवलेला कर्ब आणि बॅसिलससारखे जिवाणू ती जागा आधीच भरतात. फिलिपिन्समध्ये १९९० च्या दशकात चमकणाऱ्या व्हिब्रिओने नेग्रोस बेटावरचे टायगर कोळंबीचे तलाव उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथे तिलापिया मासे पाळलेल्या तलावातले हिरवे, शेवाळयुक्त पाणी कोळंबीला देण्याची पद्धत रुजली. ती आजही मला या सर्व चर्चेतले सर्वांत सुंदर उदाहरण वाटते, कारण तिथे जिवाणूला मारलेले नाही, त्याची जागा घेतली आहे.

आणि आणखी एक मार्ग, जो मला स्वतःला सर्वांत आशादायक वाटतो. व्हिब्रिओ एकटा असताना फारसा उपद्रवी नसतो. संख्या पुरेशी झाली की ते रासायनिक संकेतांनी एकमेकांना खबर देतात आणि मगच विष व विकरे सोडतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात असे दिसले की सिनामाल्डिहाइड, म्हणजे दालचिनीला वास देणारे द्रव्य, जिवाणूची वाढ थांबणार नाही इतक्या कमी मात्रेतही ही खबरबात बिघडवते, आणि त्यामुळे आर्टेमियावर केलेल्या प्रयोगांत व्हिब्रिओचा उपद्रव घटला. जिवाणू मरत नसल्याने प्रतिकारासाठीचा दबावही कमी राहावा अशी अपेक्षा आहे. पण आर्टेमियाच्या बाटलीपासून एका हेक्टर तलावापर्यंतचे अंतर मोठे आहे.

जुनाबांध

ताई, एक गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. कोळंबी आजारी पडली की ती सर्वांत आधी खाणे सोडते. मग खाद्यातून दिलेले औषध कोण खाते? जी धडधाकट आहे ती. आणि उरलेले तळाला. अँटिबायोटिक द्यायचो तेव्हाही हेच व्हायचे, लसूण दिली तरी हेच होणार.

पेट्रीडिश

अगदी खरे. म्हणूनच वनस्पतींचा उपयोग असेल तर तो रोग येण्याआधीचा. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारख्या प्रतिपिंडांची व्यवस्था नसते. नॉर्वेने १९८७ मध्ये सालमन माशांवर सुमारे ५० टन अँटिबायोटिके खर्च केली होती आणि पुढे लसींच्या जोरावर ती जवळपास शून्यावर आणली. कोळंबीला तसे लसीकरण करता येत नाही. तिच्याकडे रक्तपेशी आणि उपजत संरक्षण एवढेच आहे, आणि काही वनस्पती ते संरक्षण जागते ठेवतात असे प्रयोगांत दिसते. ते काम आठवड्यांचे आहे, मेलेली कोळंबी चेक ट्रेमध्ये दिसू लागल्यावरचे नव्हे.

खाडीकाठ

चर्चा वाचून पुढच्या हंगामाचे ठरवले आहे. बीज पीसीआर चाचणीशिवाय घेणार नाही. चारपैकी दोन तलावांत चेकट्रे दादांच्या रीतीने लसूण, पिल्ले सोडल्यापासून पंधराव्या दिवशी सुरू करून, पाच दिवस द्यायची आणि दहा दिवस थांबायचे. उरलेल्या दोन तलावांत नाही. कोणत्या दोन, ते चिठ्ठ्या टाकून ठरवेन, म्हणजे चांगल्या तलावाला झुकते माप मिळणार नाही. सगळीकडे बीज एकाच तुकडीचे, खाद्य एकाच गाडीचे. तयार भुकटी कोणतीही घेणार नाही. गेल्या वर्षीची अर्धी पिशवी सुदैवाने गोदामात सापडली आहे. ती तपासणीला कशी द्यावी?

निर्यातकक्ष

पिशवीतून एकट्याने भुकटी काढून देऊ नका. दोन साक्षीदारांसमोर पिशवीचे, तुकडी क्रमांकाचे आणि बिलाचे फोटो घ्या. मग भुकटीचे तीन भाग करून वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत मोहोरबंद करा, त्यांवर तारीख आणि सह्या घ्या. एक भाग नायट्रोफ्युरानच्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला द्या. चाचणी एलायझाची, म्हणजे प्रतिपिंडे वापरून रंगावरून निकाल देणारी, नव्हे, तर एलसी-एमएस, म्हणजे द्रव्य वेगळे करून त्याच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या, पद्धतीची मागा, कारण वनस्पतींतले रंगद्रव्य एलायझाला फसवू शकते. प्रयोगशाळेला ही कोळंबी नाही, भुकटी आहे, हेही आधीच सांगा. भुकटीत मूळ फ्युराझोलिडोन शोधावे लागते, ए-ओ-झेड नव्हे, कारण ते प्राण्याच्या शरीरात गेल्यावर तयार होते. ही एक ओळ अर्जात लिहिली नाही, तर अहवाल 'आढळले नाही' असा येईल आणि विक्रेता तोच कागद आपल्याला दाखवत राहील. उरलेल्या दोन बरण्या थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, कारण ही द्रव्ये उजेडात खराब होतात.

पुढच्या हंगामातल्या खाद्याच्या प्रत्येक तुकडीचीही मूठभर बरणी अशीच ठेवा, पैसे हातात पडेपर्यंत.